पूल आला, बाबा

“‘विमानतळावरून शहरात येणे अत्यंत सोपे व सुखकर आहे.’” बाबांनी मोठ्याने वाचलं, चष्मा कपाळावर चढवला आणि लेकीकडे रोखून बघितलं. “सोपे. व सुखकर. फेइयुन, हे तू लिहिलंस?”

“निंगसाहेबांनी सांगितलं, मी लिहिलं.”

“म्हणजे थाप त्यांची आणि तोंड तुझं.”

“पगारही माझाच, बाबा. खा आता, नूडल्स फुगतील.”

सकाळी ऑफिसची वेळ होण्याआधी बापलेक दाराबाहेरच्या सामायिक सज्जात बसले होते. मधे प्लास्टिकचं स्टूल, स्टुलावर दोन वाडगे, दोन्हींत तिखट तेलाचा लाल तवंग. इमारत चोवीस मजली, आणि लिफ्टचा पत्ता नाही. तळमजला कुठला यावर रहिवाशांचंच एकमत नव्हतं. खालच्या रस्त्याने आलं तर पहिला मजला नदीकाठी; वरच्या रस्त्याने आलं तर पंधरावा मजला जमिनीला टेकलेला. थानांचं घर या दोन रस्त्यांच्या मधोमध होतं, म्हणजे कुठूनही या, धाप ठरलेली. गुडघे गेल्यापासून थान ग्वांगयाओ खाली उतरले नव्हते आणि वरही चढले नव्हते. बसल्या जागेवरून साऱ्या छोंगछिंग शहराला नावं ठेवायची हा त्यांचा उद्योग होता, आणि ऑफिसातून येऊन त्यात भर घालायची हा लेकीचा.

फेइयुन एका प्रवासी संस्थेत इंग्रजी मजकूर लिहायची. ‘आंतरराष्ट्रीय पाहुण्यांसाठी व्यावहारिक माहिती’ नावाचं संकेतस्थळावरचं एक पान कित्येक वर्षं तिच्या गळ्यात होतं. पैसे फोनवरून कसे द्यावेत, आगगाडीच्या तिकिटाला पासपोर्ट का लागतो, हॉटेलात उतरलं नाही तर पोलिसांत नोंद कुठे करायची. दर काही महिन्यांनी नियम बदलत आणि पान पुन्हा लिहावं लागे. नवं पान ती छापून घरी आणी आणि बाबा ते लाल पेन्सिल घेऊन वाचत. जगात ते पान शेवटपर्यंत वाचणारा हा एकच माणूस असावा, अशी तिची पक्की खात्री होती. पाहुणे ते वाचत असते तर इतके हरवले नसते.

बाबा मूळचे रशियनचे मास्तर. रशियाशी बिनसलं तशी शाळेने एक दिवस फर्मान काढलं, उद्यापासून इंग्रजी शिकवा. मुलांच्या एक धडा पुढे राहून त्यांनी उरलेली नोकरी काढली.

“‘बाहेर पडल्यावर उत्तरेकडे दोनशे मीटर चालावे.’” लाल पेन्सिल थांबली. “उत्तर? या शहरात उत्तर बघितलेला एक माणूस आण माझ्यासमोर. इथे वर आहे, खाली आहे आणि अजून खाली आहे.”

“परदेशी माणसाला दिशा लागतात.”

“मग दोनशे मीटर आडवे की उभे, ते तरी लिही. बिचारा तुझं ऐकून दोनशे मीटर चालेल आणि कुणाच्या तरी गच्चीवर कोंबड्यांमधे उभा राहील.” त्यांनी पान उलटलं. “‘रस्सा कमी तिखट मागवल्यास पाहुण्यांना कोणताही त्रास होत नाही.’ वा! आपल्याकडे कमी तिखट म्हणजे रुग्णवाहिका जरा सावकाश आली तरी चालतं, एवढंच.”

फेइयुन हसली नाही. हसायचं नाही, हा त्यांच्यातला नियम होता, हसणारा हरला. ती म्हणाली, “तुमचं इंग्रजी मुलांच्या एक धडा पुढे होतं, बाबा. उगाच फार खोलात जाऊ नका.”

“आणि तुझं पाहुण्यांच्या एक धडा मागे आहे.”

तेवढ्यात जिन्यातून धापा ऐकू आल्या. गळ्यात कॅमेरे अडकवलेलं एक जोडपं वर आलं. दोघं लालबुंद, पाठी घामाने चिंब. इमारत कुणीतरी एका चित्रपटात दाखवली तेव्हापासून ही वर्दळ सुरू झाली होती. माणसं विमानात बसून समुद्र ओलांडून येत आणि दुसऱ्यांच्या दोरीवर वाळणाऱ्या चड्ड्यांचे फोटो काढून परत जात. जोडप्यातल्या पुरुषाने बाबांना हात जोडून इंग्रजीत विचारलं, लिफ्ट कुठे आहे?

बाबांनी त्याला अस्खलित रशियनमधे उत्तर दिलं. बरंच लांबलचक, हातवारे करून. माणूस आदराने मान डोलवत राहिला, आभार मानून पुढे गेला आणि दोघं आणखी एक जिना चढून दिसेनासे झाले.

“काय सांगितलंत त्यांना?”

“की लिफ्ट यायची आहे. आमची पार्टीची शाखा एकोणीसशे ब्याऐंशीपासून विचार करते आहे.” बाबांनी वाडगा तोंडाला लावून रस्सा ओढला. “हल्ली या नूडल्सवाल्याने मिरी कमी केली. पाहुण्यांपायी जिभेचीसुद्धा लाज राखली नाही.”

मग नेहमीचं आलं. ते दर दोनचार दिवसांनी यायचं, बहुधा पोट भरल्यावर.

“मी गेलो ना, की तू इथून नीघ.”

“कुठे जाऊ?”

“कुठेही. शांघायला. तेव्हा गेली असतीस तर आज त्या मोठ्या प्रकाशनात संपादक असतीस. हे असलं सोपे व सुखकर लिहायची वेळ आली नसती.”

“आणि तुम्हाला कोण बघणार होतं?” फेइयुन वाडगे उचलत म्हणाली. “कुणीतरी राहायला हवं होतं ना.”

हे वाक्य तिचा हुकमाचा पत्ता होता. आई गेली त्याच्या पुढच्याच वर्षी शांघायची नोकरी आली होती आणि तिने ती नाकारली होती. त्याला वीस वर्षं होऊन गेली. एवढ्या वर्षांत बाबांना गप्प करायला तिला दुसरं काही लागलं नव्हतं. कुणीतरी राहायला हवं होतं, म्हटलं की ते नदीकडे बघायला लागत आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक ओशाळं, चिडकं काहीतरी येई. त्या दिवशीही आलं. त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली.

“मूर्ख मुलगी,” ते म्हणाले. “एका म्हाताऱ्यापायी.”

“येते मी,” ती म्हणाली, आणि जिना चढू लागली.

*

ऑफिसात निंगसाहेबांनी बैठक बोलावली होती. विभागप्रमुख निंग हा दरवाजातून आत येण्याआधी ज्याचं स्मित आत येतं अशातला माणूस. त्याने भिंतीवर फोटो दाखवला. इमारतीच्या पोटातून रेल्वे जाते तिथे खाली रस्त्यावर पाहुण्यांची रांग, आणि प्रत्येकाने तोंड वासलेलं. फोटोत गाडी तोंडात शिरते आहे असं दिसावं म्हणून.

“हा आनंद आपल्या पानावर कुठे आहे, मिस थान?” निंगसाहेब म्हणाले. “तुमच्या पानावर फक्त पासपोर्ट, पोलीस आणि शौचालयात कागद स्वतःचा न्यावा. पाहुण्याला ऊब वाटायला हवी.”

“चाळीस अंशांत, साहेब?”

कुणीतरी खोकलं. निंगसाहेबांचं स्मित जागचं हललं नाही. “तोंड उघडून कुठे उभं राहायचं, ती नेमकी जागा लिहा. व्यावहारिक माहिती म्हणजे तीच.”

आपल्या गावाच्या रस्त्यात जगभरच्या लोकांनी नेमकं कुठे उभं राहून तोंड वासावं हे लिहिण्यासाठी फेइयुन जागेवर बसली. पहिलं वाक्य जमलंही. बाबा या वाक्याचं काय करतील या विचाराने तिला मनातून बरं वाटत होतं, तेवढ्यात शेजारच्या ल्यांगबाईंचा फोन आला.

बाबा सज्जातल्या खुर्चीतच गेले होते. ल्यांगबाईंना वाटलं, डुलकी लागली. पाहुणे शेजारून फोटो काढत जात होते, त्यांनाही तसंच वाटलं असावं. त्यांच्यातल्या कुणाच्या तरी फोनमधे ते आता कायमचे असतील, ‘स्थानिक वृद्ध’ म्हणून.

*

पुढचे तीन दिवस नातेवाइकांचे होते. वरच्या रस्त्यालगत मांडव पडला, त्यात बाबांचा मोठा केलेला फोटो, फुलांची चक्रं, आणि फोटोसमोर माजोंगची चार टेबलं. सोंगट्यांचा खडखडाट सकाळपासून सुरू होई. भाड्याने आणलेली एक गायिका चंदेरी झगा घालून रडकी गाणी म्हणे आणि मधेच सूर सोडून पाणी मागे. ज्यांनी दहा वर्षांत जिना चढला नव्हता ते सगळे येऊन मेजवानी जेवले, आणि जेवून झाल्यावर एकेक जण फेइयुनचा हात हातात घेऊन तेच ते बोलला.

“अशी लेक नशिबाला लागते.”

“लग्न नाही, संसार नाही. बापासाठी आयुष्य वाहिलं पोरीने.”

“शांघायची नोकरी लाथाडली म्हणे! आजकालची पोरं असतं का करत?”

फेइयुन मान खाली घालून ऐकत राही. लोकांना वाटे, दुःख आहे. प्रत्यक्षात तिला वाटत असे की या माणसाने हात सोडावा आणि परत माजोंगकडे जावं. बाकी कुणी खोटं बोललं असतं तर तिने तिथल्या तिथे त्याची साल काढली असती. पण हे खोटं तिचंच होतं, तिनेच वीस वर्षं पोसलेलं. आता ते गावभर हिंडत होतं आणि लोक त्याला आदराने खुर्ची देत होते. ज्या एका माणसासाठी तिने ते वापरलं तो मात्र ते खरं मानून गेला. एका म्हाताऱ्यापायी.

तिसऱ्या दिवशी दहन झालं. लाल कापडात गुंडाळलेली अस्थींची पेटी तिच्या हातात देण्यात आली. ती जड होती, आणि कोमट. पेटीवर उघड्या आभाळाची नजर पडू नये म्हणून आत्याने काळी छत्री उघडून वर धरली.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. चौऱ्याहत्तर वर्षांची, मिरचीच्या देठासारखी वाळकी, ताठ. तिने गाडीच्या दाराशी फेइयुनला अडवलं.

“वाटेत प्रत्येक पूल आला, बोगदा आला, वळण आलं, की हाक मारून सांगायचं. पूल आला बाबा, या पाठोपाठ. तू सांगायचं, दुसऱ्या कुणी नाही. नाहीतर तो पाण्यापाशी थबकतो आणि राहतो तिथेच.”

“आत्या, बाबा असल्या गोष्टींना हसायचे. त्यांच्या आईच्या वेळी तुम्ही हाका मारत होतात तेव्हा ते काय म्हणाले, आठवतं? ‘आई बहिरी होती, जरा मोठ्याने.’”

“जिवंतपणी हसला. आता त्याला विचारून बघ हसतो का.” आत्याने छत्रीचा दांडा तिच्या खांद्याला टेकवला. “पगार घेऊन परक्या देशाच्या टिकोजीरावांना रस्ता सांगतेस. बापाला फुकट सांगायला तोंड दुखतं?”

फेइयुन पुढच्या सीटवर बसली, पेटी मांडीवर. छत्री मिटायची नाही असा आत्याचा हुकूम, म्हणून ती अर्धवट उघडी, आणि तिची एक काडी गाडी चालवणाऱ्याच्या कानाशी. गाडी चालवत होता आत्याचा जावई फांग. तो छंगतूचा, म्हणजे सपाट शहरातला. जिथे लोक दिवसभर चहा पितात आणि रस्ता चुकला तर पुढच्या चौकात वळून परत येतात. छोंगछिंगच्या माणसाला छंगतूच्या माणसाबद्दल जे वाटतं ते आत्याने लग्नातच बोलून घेतलं होतं.

“दफनभूमी दक्षिणेच्या टेकडीवर आहे,” फेइयुन म्हणाली. “मी रस्ता सांगते.”

“ताई, तुम्ही निवांत बसा.” फांगने फोन समोरच्या खाचेत अडकवला. “ही बाई सांगते सगळं.”

फोनमधली बाई गोड आवाजात म्हणाली, सरळ पुढे चला.

यांगत्सेवरचा पहिला पूल आला. फेइयुनने ओठ घट्ट मिटले. खाली गढूळ पाणी, वाळूने भरलेला एक पडाव. ती बाबांना ओळखत होती. हाक मारली असती तर त्यांनीच टर उडवली असती. पूल अर्धा सरला तशी मागून आत्याचा आवाज फुटला, “दादा! पूल आला रे, ये पाठोपाठ!” आणि तिने खिडकीतून नाणं फेकलं. ते मागच्या गाडीच्या काचेवर आपटलं. मागचा भोंगा वाजवत राहिला.

“माझं नाही चालायचं,” आत्या म्हणाली. तिला धाप लागली होती. “मी लग्न होऊन गेलेली, दुसऱ्या घरची. माझ्या हाकेने येईल का तो? फेइयुन, तोंड उघड.”

“बरं,” फेइयुन म्हणाली, आणि तिच्या पानावरचा आवाज काढला. “सन्माननीय पाहुणे, आपण आता यांगत्से नदी ओलांडली आहे. कृपया आपले सामान सांभाळावे.”

आत्याने मागून तिच्या डोक्यात टपली मारली. छत्री हलली, काडी फांगच्या कानात गेली, फांगने “आई गं!” केलं, आणि नेमक्या त्याच क्षणी फोनमधली बाई म्हणाली, उजवीकडच्या फाट्याने चला.

समोर पाच मजली उड्डाणपूल होता. रस्त्यावर रस्ता, त्यावर रस्ता, आणि उजवीकडे तीन फाटे, तिन्ही एकमेकांना चिकटलेले. फोनमधल्या बाईला मजले कळत नव्हते. तिच्या लेखी सगळं शहर भाकरीसारखं सपाट.

“दुसरा!” फेइयुन ओरडली. “दुसरा उजवा, खाली जाणारा!”

फांग पहिल्यात घुसला. फाटा वर चढला, गोल फिरला, पुन्हा चढला. खाली त्यांचा खरा रस्ता दिसत होता, टेकडीकडे शांतपणे निघून चाललेला. मग कठडे बदलले आणि समोर पुन्हा नदी आली. तीच नदी, दुसरा पूल, उलट्या दिशेने.

“पोहोचलात,” फोनमधली बाई म्हणाली.

“अगं बाई, परत चाललो आपण!” आत्याने कपाळावर हात मारला. “ही बघा विमानतळाची पाटी! माझ्या भावाला कुठे घेऊन चाललास रे, मेल्या? विमानाने पाठवतोस?”

“पुढे वळण घेतो, आई. यू-टर्न मारला की झालं.”

“खबरदार! अस्थी घेऊन माघारी फिरायचं नसतं. गेलेल्या वाटेने परत नाही. त्याला वाटेल, घरी न्यायला आलात.”

“मग काय करू?”

“जावईबापू,” फेइयुन म्हणाली, “आधी त्या बाईला गप्प करा.”

फांगने फोन बंद केला. गाडी पूल सोडून उत्तरेच्या बाजूला आली होती. फेइयुनला डोळे मिटावे लागले नाहीत की काही आठवावं लागलं नाही. माघारी न फिरता दक्षिणेला जायचं तर एकच मार्ग उरत होता: शहरातल्या दुसऱ्या नदीवरचा, च्यालिंगवरचा पूल, मग त्यांच्या घराजवळून जाणारा बोगदा, मग यांगत्सेवरचा तिसरा पूल.

“डावीकडची पट्टी धरा,” ती म्हणाली. “सिग्नल सोडून दुसरी गल्ली, खाली उतरा. अजून खाली. आता उजवीकडे वर.” आणि मग, कुणी न सांगता, त्याच आवाजात, “वळण आलं, बाबा. चुकलो आपण. छंगतूचा माणूस गाडी चालवतोय.”

फेइयुनला वाटलं होतं, आपल्यालाच या बोलण्याची किळस येईल. तसं झालं नाही. पेटी मांडीवर होती आणि ते वाक्य बाबांना आवडलं असतं, एवढंच.

“आता चढ आहे,” ती म्हणाली. “तुमच्या गुडघ्यांना काही होणार नाही. या.”

*

च्यालिंगवरच्या पुलावर गाडी चढली आणि थांबली. पुढे नजर पोहोचेल तिथवर गाड्या, आणि दोन्ही कडांच्या पादचारी पट्ट्यांवर पाहुणे, कठड्याला गर्दी करून, हात उंचावून फोन धरलेले. पलीकडच्या तीरावर कड्याला टांगलेली लाकडी बाजारपेठ होती. तिच्यापायी सुट्टीच्या दिवसांत हा पूल गाड्यांना बंदच करत. आज सुट्टी नव्हती, पण हे पाहुण्यांना कोण सांगणार? फेइयुनने सांगितलं होतं. पानावर, ठळक अक्षरांत. सुट्टी सोडून सकाळच्या वेळी यावे, गर्दी नसते.

तिचं पान कुणीतरी वाचलं होतं म्हणायचं.

गर्दी पट्टीवरून सांडून गाड्यांमधून वाहत होती. एका मुलीने आत डोकावून पाहिलं. गाडीच्या आत उघडलेली काळी छत्री बघून तिला गंमत वाटली असावी. तिने फोटो काढला. आत्याने तिला खिडकीतूनच मूठ दाखवली. मुलीने हसून त्याचाही काढला.

“बोल,” आत्या म्हणाली. “गप्प का झालीस?”

“पूल आला, सांगून झालं. आता पूल संपतच नाही, तर काय सांगू?”

“थांबलं की बोलत राहायचं असतं गं. पाण्यावर मधोमध आवाज तुटला की माणूस भांबावतो. त्याला वाटतं, इथेच उतरायचं.” आत्याचा आवाज आता कापत होता, त्यात दटावणी उरली नव्हती. “काहीही बोल. त्याला तुझा आवाज ऐकू येऊ दे.”

फेइयुनने पेटीवरचं लाल कापड सारखं केलं. बाहेर बघितलं.

“बाबा, पुलावर अडकलोय. तुमची मंडळी आली आहेत सगळी. डावीकडे बघा. तो पिवळ्या टोपीवाला बायकोला म्हणतोय, अजून मागे सरक, अजून मागे. थोडी अजून सरकली की मोकळा होईल बिचारा.”

फांग फसकन हसला आणि त्याने तोंडावर हात धरला.

“हसा हो,” आत्या म्हणाली. “त्याला चालायचं.”

“त्याच्या पलीकडे चौघी आहेत, एकसारखे झगे घातलेल्या. एकीने तोंड वासलंय. इथे रेल्वे नाही, बाई. कुणी सांगा तिला, ते दुसरीकडे. आणि तो बघा उंच माणूस, नकाशा उलटा धरून उभा आहे. उत्तर शोधत असेल. मी लिहिलं होतं ना, उत्तरेकडे चालावे.” ती थांबली. “तुम्ही ते खोडलंत. मी ऑफिसात गेल्यावर खोडलंत असणार. पान बघितलं नाही मी अजून.”

गाड्या एक हातभर पुढे सरकल्या आणि पुन्हा थांबल्या. दूर खाली एक बोट भोंगा वाजवत गेली.

“बोल गं.”

“तीन दिवस सगळे जण येऊन माझे हात धरत होते, बाबा. अशी लेक, तशी लेक. वाङ्‌काका रडलेसुद्धा, त्यांनी तुमची शिडी पाच वर्षांत परत केली नाही. म्हणाले, हिने बापासाठी आयुष्य वाहिलं. आत्याही म्हणाली.”

“म्हणाले मग,” आत्या मागून म्हणाली. “खोटं आहे का?”

“खोटं आहे,” फेइयुन म्हणाली.

फांगने इंजिन बंद केलं, आणि गाडीत बाहेरचा कलकलाट आला. फेइयुनने दोन्ही हात पेटीवर ठेवले. त्या क्षणी तिला कळलं की आता आपण रस्ता सांगत नाही आहोत, आणि थांबलो तर पुन्हा कधीच बोलणार नाही.

“बाबा, ऐका. शांघायला जायचं नव्हतं मला. आई गेली नसती तरी गेले नसते. तुम्ही धडधाकट असतात, तुम्हाला दुसरं कुणी बघणारं असतं, तरीही नसते गेले. तुम्ही विचारायचात तेव्हा ते म्हटलं की तुम्ही गप्प व्हायचात, म्हणून म्हणत आले. तुम्हाला वाटलं, तुमच्यामुळे मी अडकले. वाटू दिलं मी. मला संध्याकाळी ते जिने उतरून यायला आवडायचं. तुम्ही पान हातात घेऊन बसलेले असायचात, आणि माझी खोड काढायला आतुर झालेले असायचात, आणि ते वरून चालत येतानाच मला दिसायचं. कुणीतरी राहायला हवं होतं म्हणून नाही राहिले मी, बाबा. मला तुमच्याजवळ राहायचं होतं.”